महालक्ष्मी एक्सप्रेसनं जाऊन टी-टूवरून विमान: दादरला उतरायचं की सीएसएमटीला?

विश्रामबागची_लेक, सांगली

नमस्कार मंडळी. घरात आठवडाभर एकाच गोष्टीचा खल चाललाय आणि प्रत्येकाचं मत वेगळं, म्हणून इथं विचारते.

धाकटी बहीण दुबईला असते, तिचं बाळंतपण आहे. आई-बाबांना तिच्याकडं पाठवायचंय. विमान बुधवारी दुपारी चारचं, मुंबई विमानतळाच्या टी-टू टर्मिनलवरून. मंगळवारी रात्रीच्या महालक्ष्मीचं सांगलीहून रिझर्व्हेशन झालंय, थर्ड एसी, दोघांनाही खालचा बर्थ मिळालाय. सोडायला मी बरोबर आहे आणि त्याच दिवशी रात्रीच्या महालक्ष्मीनं मी परत.

आता अडचण सांगते. आईचे गुडघे. सपाटीवर ती माझ्यापेक्षा भरभर चालेल, पण जिना दिसला की तिचा चेहरा उतरतो. त्यातही चढायचा असेल तर एक वेळ चढते. उतरायचा म्हटलं की कठड्याला दोन्ही हात आणि एकेक पायरी. मागची माणसं खोळंबली की ती आणखी गडबडते. बाबा ठणठणीत आहेत, फक्त ऐकायला कमी येतं, आणि हातातली पिशवी मेले तरी दुसऱ्याकडं देणार नाहीत. सामान म्हणाल तर चाकांच्या दोन मोठ्या बॅगा, एक छोटी, आणि वर आईचा संसार: डिंकाचे लाडू, अळीव, भडंग, हळद, बेदाणे, बाळाची दुपटी.

आमचे काका म्हणतात दादरलाच उतरा, विमानतळ तिकडंच आहे, सीएसएमटीपर्यंत जाऊन परत मागं यायचं हा कुठला शहाणपणा. भावाचं म्हणणं ठाण्याला उतरून गाडी करा. बाबा म्हणतात व्हीटीला, म्हणजे सीएसएमटीलाच, जाऊ, मला ती बिल्डिंग एकदा डोळे भरून बघायचीय. (म्हणजे बाबांचं मत प्रवासाबद्दल नाहीच.)

सीएसएमटीला उतरलो तर बाहेर रिक्षा मिळते का? आता तिथून विमानतळाला मेट्रो झालीय म्हणतात, ती एवढं सामान आणि आई घेऊन जमेल का? आणि त्यांना आत सोडल्यावर मी एकटी रात्री आठपर्यंत काय करू, हेही कुणी सांगितलं तर बरं होईल.

---

इस्लामपूरचा_एसटीवाला

दादर. विषय संपला. आम्ही कायम दादरलाच उतरतो. सीएसएमटीला जाऊन परत उत्तरेला यायचं म्हणजे पैसे आणि वेळ दोन्ही पाण्यात.

खरं तर ट्रॅव्हल्सनं जायला हवं होतं. पण आता तिकीट काढलंच आहे तर असू दे.

---

गणपती_पेठेतला_दिवाणजी

ताई, तुमच्या काकांचं म्हणणं नकाशावर बरोबर आहे, फलाटावर नाही.

मी गणपती पेठेत हळदीच्या अडतीवर दिवाणजी होतो. मसाल्याचा बाजार मस्जिद बंदरला होता तेव्हा नमुने घेऊन आणि वसुलीला आमचं जाणं असायचं, तेव्हा व्हीटीला उतरायचं. मस्जिद त्याच्या अलीकडचंच स्टेशन, पिशवी हलकी असली तर चालत. पुढं बाजार वाशीला गेला तसं आमचं उतरणंही ठाण्याला सरकलं. नात्यातलं कुणी आजारी असलं की दादर. तेव्हा माझं कुठल्याही स्टेशनाशी लग्न लागलेलं नाही. बरोबर माणूस कोण आणि हातात ओझं काय, यावर स्टेशन ठरतं. तुमच्याबरोबर गुडघे आहेत आणि तीन बॅगा आहेत. तुम्ही शेवटपर्यंत जायचं.

दादरला काय होतं ते बघा. महालक्ष्मी तिथं सकाळी सातच्या आत-बाहेर पोचते आणि दोन-तीन मिनिटं थांबते. निम्मा डबा दादरला उतरणारा असतो. त्यामुळं ठाणं सुटलं की लोक बॅगा ओढत दाराकडं सरकायला लागतात. वॉशबेसिनपाशी, संडासाच्या दारापाशी, जिथं जागा मिळेल तिथं उभे. गाडी रूळ बदलताना हेलकावे खाते. तुमच्या आईंना त्या गर्दीत, ओल्या फरशीवर, धरायला नीट काही नाही अशा जागी उभं राहावं लागणार, कारण आधी उभं नाही राहिलं तर त्या दोन मिनिटांत तीन बॅगा आणि तीन माणसं खाली यायची नाहीत. बाबांना ऐकू येत नाही म्हणता, म्हणजे तुम्ही खालून 'या, या' म्हणून ओरडताय आणि ते पिशवी सांभाळत मागच्या दाराकडं निघालेत, असंही होऊ शकतं. उतरल्यावर पूल. लिफ्ट आहे, सरकते जिने आहेत, सगळं आहे. पण सकाळी त्या वेळेला सगळी मुंबईही तिथंच असते. ऑफिसला निघालेली माणसं वाईट नसतात, त्यांना फक्त थांबता येत नाही.

आता सीएसएमटी. तिथं गाडीच संपते. रूळच संपतात हो, पुढं बफर आणि त्यापुढं सपाट फरशी. गाड्या आरपार जात नाहीत म्हणून सगळे फलाट डोक्याकडच्या बाजूनं एकमेकांना जोडलेले आहेत. एका फलाटावरून दुसऱ्यावर जायला पूल चढावा लागत नाही. डब्यातून पाय खाली ठेवला की रस्त्यावरच्या टॅक्सीपर्यंत जिना नाही. हातात बॅग असलेल्या म्हाताऱ्या माणसाला या एका गोष्टीची किंमत दादर ते सीएसएमटीच्या टॅक्सीभाड्यापेक्षा मोठी आहे.

घाई पण नाही. गाडी थांबली तरी उठू नका. सगळा डबा मोकळा होऊ द्या, आईंना चपला घालू द्या, चादरीत काही राहिलंय का बघा, मग हमाल बोलवा. हमालाशी पैशाचं आधी बोलून घ्या आणि त्याला 'टॅक्सीपर्यंत' असं स्पष्ट सांगा, नाहीतर तो फलाटाच्या टोकाला बॅगा ठेवून मोकळा होतो. आईंना व्हीलचेअर हवी असेल तर स्टेशन मॅनेजरच्या ऑफिसात मिळते, पण तुम्हाला जाऊन मागावी लागेल. आणि विमानाच्या तिकिटावर व्हीलचेअरची मागणी अजून केली नसेल तर ती आजच करून टाका, टी-टूच्या आत चालायचं अंतर कमी नाही.

एक करा. सांगलीला गाडीत बसताना आपला डबा इंजिनाच्या बाजूला आहे की शेपटाकडं, हे बघून ठेवा. सांगलीला जे पुढचं टोक तेच मुंबईत बाहेर पडायच्या दरवाज्याजवळचं टोक. डबा मागं असला तर फलाटभर चालणं आहे. तिथले दहा आणि अकरा नंबरचे फलाट तर २०२४ मध्ये चोवीस डब्यांच्या गाडीसाठी लांब केलेत. त्या वेळी तिथं छत्तीस तासांचा ब्लॉक घेतला होता, मुंबईकरांनी बोटं मोडली होती.

रिक्षा विसरा. सायन आणि वांद्र्याच्या अलीकडं, म्हणजे जुन्या मुंबईत, रिक्षाला परवानगीच नाही. आपल्याकडची माणसं बाहेर येऊन रिक्षा शोधत बसतात. काळी-पिवळी टॅक्सी घ्या नाहीतर मोबाईलवरून गाडी मागवा. टॅक्सीचं कमीत कमी भाडं २०२५ च्या फेब्रुवारीपासून ३१ रुपये आहे आणि पुढं किलोमीटरला वीस रुपयांच्या वर काही पैसे. टी-टूपर्यंत हिशेब करा, मीटरनं पाचशे-सहाशेच्या घरात जातं. कुणी हजार-बाराशे म्हणालं तर पुढच्या टॅक्सीकडं जा, तिथं टॅक्सीचा दुष्काळ नाही.

आता काकांच्या 'उलट्या प्रवासा'चं. लांब पल्ल्याच्या गाड्या आठ ते अठरा नंबरवर येतात. अठरा नंबरच्या अंगाला पी. डिमेलो रोड आहे, सेंट जॉर्ज हॉस्पिटलची बाजू. त्या रोडनं थोडं वर गेलं की ऑरेंज गेटपासून ईस्टर्न फ्रीवे चढतो, २०१३ साली झाला तो. सिग्नल नाही, चौक नाही, बंदराच्या कडेकडेनं जाऊन चेंबूरला उतरवतो. तिथून सांताक्रुझ-चेंबूर लिंक रोडनं विमानतळाकडं. दादरहून निघालात तर शहराच्या पोटातून जायचं आणि सिग्नल मोजायचे. किलोमीटर वाढतात हे खरं, वेळ तितका वाढत नाही. सध्या ऑरेंज गेटपाशी मरीन ड्राइव्हला जाणाऱ्या बोगद्याचं काम चालू आहे, तेवढ्या तुकड्यात रस्ता आवळलाय, ते धरून चाला.

टॅक्सीच्या डिकीबद्दल कुणी सांगत नाही ते सांगतो. गाडी सीएनजीवरची असली तर डिकीत सिलिंडर आडवा असतो. उरलेल्या जागेत एक मोठी बॅग उभी कोंबता येते, दुसरी नाही. दुसरी जाते टपावरच्या कॅरियरवर, आणि पावसाळा आहे. ड्रायव्हरकडं प्लॅस्टिक असतं पण ते त्याच्या टॅक्सीइतकंच जुनं. घरून दोन मोठ्या जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि सुतळी घेऊन निघा. बाळाची दुपटी असलेली बॅग वर चढवू नका, हळदीची तर अजिबात नको. टपावर ओली झालेली हळद काय रंग दाखवते ते मी बघितलंय. मोबाईलवरून मागवत असाल तर सरळ मोठी, सहा जणांची गाडी मागवा.

पावसाचं म्हणालो तर खरी काळजी मला त्याचीच आहे. स्टेशन कुठलं हा प्रश्न पुढचा. २०१९ च्या जुलैत हीच महालक्ष्मी, मुंबईहून निघालेली, वांगणीजवळ पुरात अडकली होती. हजारावर माणसं गाडीत, खाली पाणी. एनडीआरएफनं बोटी लावून बाहेर काढली. पुढच्या पंधरवड्यात आपल्याकडं कृष्णेचा पूर आला आणि ती बातमी मागं पडली, पण सांगलीत ती कुणी विसरलेलं नाही. घाटात दरड आली तरी गाड्या खोळंबतात. तुमचं विमान चारचं, म्हणजे एकपर्यंत टी-टूला पोचायचं. गाडी साडेसातच्या सुमारास पोचते. हाताशी पाच तास आहेत, तेवढे साध्या उशिराला पुरतात. पण मंगळवारी दिवसभर मुंबई-लोणावळ्याकडं धो-धो असेल, तर रात्रीच्या भरवशावर राहू नका. सकाळची कोयना धरा, ती संध्याकाळी सीएसएमटीला पोचते, तिथल्या रिटायरिंग रूमचं बुकिंग तिकिटाच्या पीएनआरवर ऑनलाइन होतं. रात्रभर झोपा, सकाळी आरामात निघा. दिवस वाया जातो, जाऊ दे. विमान चुकलं तर काय जातं त्याचा हिशेब तुमच्या भावाला करायला सांगा.

मेट्रोबद्दल जाणत्यांनी लिहावं. माझं मत नको असं आहे, पण मी काही रोज जात नाही.

---

मिरज_जंक्शन

दिवाणजी काका, रोज जाणारा मी आहे, म्हणून लिहितो. नोकरीला बीकेसीत आहे, सुट्टीला मिरजेत.

मेट्रो तीन आता पूर्ण आहे. आरे ते कफ परेड, साडेतेहतीस किलोमीटर, सत्तावीस स्टेशनं, जवळजवळ सगळी जमिनीखाली. सीएसएमटीचं स्टेशन २०२५ च्या ऑक्टोबरात शेवटच्या टप्प्यात सुरू झालं. पहिली गाडी सकाळी सहाच्या आत, शेवटची रात्री साडेदहाच्या सुमारास. भाडं दहापासून जास्तीत जास्त सत्तर रुपये. सीएसएमटी ते टी-टू पाऊण तास धरा. आणि सकाळी पावणेआठला सीएसएमटीहून उत्तरेकडं जाणाऱ्या गाडीत बसायला जागा मिळते, कारण सगळी गर्दी समोरून दक्षिणेकडं येत असते. प्रत्येक स्टेशनला लिफ्ट आहे. मुंबईत पाऊस कितीही असो, खाली बोगद्यात सिग्नल-बिग्नल, खड्डे काही नाही. टॅक्सीत कॅरियरवर बॅग भिजवण्यापेक्षा बरं नाही का?

उतरताना घोळ करू नका. विमानतळाच्या नावाची दोन स्टेशनं आहेत. आधी टी-वन येतं, मग सहार रोड, मग टी-टू. पुष्कळ लोक 'विमानतळ' ऐकलं की टी-वनला बॅगा घेऊन उतरतात. त्यात सीएसएमटी आणि विमानतळ दोघांनाही महाराजांचंच नाव, त्यामुळं बाबांना नुसतं 'छत्रपती शिवाजी महाराज आलं की उठा' असं सांगू नका, 'टी-टू' सांगा. मोबाईलवर टॅक्सी मागवतानाही हेच.

ठाण्याला उतरायचं भावाचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. लोकलनं घाटकोपर, तिथून मेट्रो एकनं मरोळ नाका, तिथं मेट्रो तीन पकडली की पुढचं स्टेशन टी-टू. मी असाच जातो.

---

गणपती_पेठेतला_दिवाणजी

बाळा, तू असाच जातोस कारण तुझ्या पाठीवर एक सॅक असते. सकाळी आठला ठाण्याहून लोकलमध्ये डिंकाचे लाडू, दोन बॅगा आणि गुडघे? ताई, भावाला म्हणावं आधी तू एकदा जाऊन दाखव.

मेट्रोचं तू म्हणतोस ते पटतंय थोडं. पण फलाटावरून निघून पाट्या बघत मेट्रोच्या दारापर्यंत, तिथं लिफ्ट शोधा, बॅगा तपासणीच्या यंत्रात उचलून ठेवा, पलीकडून उचलून घ्या, पुन्हा लिफ्ट, खाली गाडी. टी-टूला हेच उलट्या क्रमानं, आणि वर टर्मिनलपर्यंत चाल. हमाल मेट्रोत येत नाही. बॅगा कोण उचलणार? ताई एकटी. बाबांची पिशवी तर बाबांकडंच. दोन धट्टीकट्टी माणसं बरोबर असती तर मीच म्हटलं असतं मेट्रोनं जा.

येताना मात्र मेट्रोच. एकटं माणूस, हात मोकळे, सत्तर रुपयांच्या आत काम.

---

साताऱ्याची_काकू

सगळं वाचलं. दिवाणजींचं म्हणणं या प्रवासापुरतं पटलं, पण कुणी वाचून सगळीकडं तेच लावू नका, म्हणून लिहिते. आमच्या ह्यांचे उपचार टाटा हॉस्पिटलला चालू होते तेव्हा आम्ही साताऱ्याहून महालक्ष्मीनं जायचो आणि दादरलाच उतरायचो. परळला टाटा, केईएम असं काही असेल तर सीएसएमटीपर्यंत जाण्यात अर्थ नाही. तपासणीची रांग सकाळीच लागते आणि दादरहून टॅक्सी पटकन पोचवते. बरोबर धरायला एक जाणता माणूस हवा एवढंच. आमचा भाचा फलाटावर घ्यायला यायचा, दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट काढून.

दादरचे फलाटांचे नंबर बदललेत, ते पण लक्षात ठेवा. २०२३ च्या डिसेंबरपासून पश्चिम रेल्वेचे एक ते सात आणि मध्य रेल्वेचे आठ ते चौदा, असे सलग केलेत. पूर्वी दोन्हीकडं एक नंबर असायचा आणि माणसं एकमेकांची वाट बघत दोन वेगवेगळ्या एक नंबरवर उभी असायची. जुन्या माणसानं सांगितलेला नंबर आता धरू नका.

आणि माझे आई, ते डिंकाचे लाडू! खसखस घातलीय का त्यात? घातली असेल तर ते लाडू न्यायचे नाहीत. दुबईत खसखशीला बंदी आहे, तिकडं ती अमली पदार्थांत धरतात. चिमूटभर असली तरी चालत नाही, सामानात सापडली तर अटकेपर्यंत जातं. आपल्याकडं बाळंतिणीच्या लाडवात खसखस हमखास असते म्हणून विचारते. अळीव, डिंक, खोबरं, खारीक यांचं काही नाही. मसाल्याची पुडी देत असाल तर तीही बघा, गोडा मसाला असो की काळा, घरचा असला तर त्यात काय पडलंय ते विचारून घ्या. आई-बाबांची रोजची औषधं असतील तर डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट हातातल्या पिशवीत.

---

विश्रामबागची_लेक, सांगली

काकू, तुमचे पाय कुठं आहेत! आईला विचारलं. 'खसखशीशिवाय डिंकाचा लाडू म्हणजे काय?' असं म्हणाली, म्हणजे घातलीच होती. आता तो डबा आम्ही खातोय आणि उद्या नवीन लाडू वळायचे आहेत. मसाला रद्द.

ठरलं असं. सीएसएमटीला उतरायचं, मोठी गाडी मागवायची, नाही मिळाली तर काळी-पिवळी. सुतळी आणि प्लॅस्टिक बॅगेत टाकलंय. भावाला घाटकोपरचा मार्ग वाचून दाखवला, तो आता गप्प आहे. सोमवारी हवामानाचा अंदाज बघून कोयनेचा विचार करू. काकांना अजून पटलेलं नाही, ते म्हणतात फ्रीवे काय मी बघितला नाही का.

दोन शंका राहिल्या. शेजारच्या वहिनी म्हणाल्या मुंबईचं विमानतळ आता पनवेलकडं गेलं. खरं का? आणि बाबांना ती बिल्डिंग दाखवायची आहे, सामान घेऊन कसं जमवू?

---

मिरज_जंक्शन

गेलं नाही, दुसरं झालंय. नवी मुंबईचं विमानतळ पनवेलजवळ उलव्याला आहे, २०२५ च्या २५ डिसेंबरपासून तिथून विमानं सुटायला लागली. तिकिटावर तीन अक्षरं असतात ती बघा. बीओएम असेल तर जुनंच, अंधेरी-सहारचं. एनएमआय असेल तर नवी मुंबई. तुम्ही टी-टू म्हणताय म्हणजे जुनंच असणार, पण स्वतःच्या डोळ्यांनी बघा आणि निघायच्या आदल्या दिवशी परत बघा. पुढं कधी एनएमआयचं तिकीट निघालं तर सीएसएमटी, दादर काहीच नको. सांगलीहून गाडीनं गेलं तर ते मुंबईच्या अलीकडंच पडतं.

---

गणपती_पेठेतला_दिवाणजी

बाबांचा हट्ट पुरवा. वेळ आहे तुमच्याकडं. गाडी वेळेवर आली तर आठला तुम्ही मोकळ्या. आईंना बॅगांपाशी वेटिंग रूममध्ये बसवा, चहा द्या, आणि बाबांना घेऊन पंधरा मिनिटं बाहेर या. रस्त्यापलीकडं महापालिकेच्या बाजूला उभं राहिलं की घुमट पूर्ण दिसतो. स्टेशनाला चिकटून वर बघत बसलात तर नुसती मान दुखते. पलीकडं जायला भुयारी मार्ग आहे, त्याला पायऱ्या आहेत, म्हणून आईंना नेऊ नका.

फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स नावाच्या आर्किटेक्टचं काम. १८७८ ला बांधायला घेतलं, दहा वर्षं लागली. घुमटावर जी बाई उभी आहे ती 'प्रगती'. समोरची महापालिकेची इमारतही त्याच स्टीव्हन्सची, १८९३ ची, म्हणजे बाबांना एका जागी उभं राहून दोन बघता येतील. खालच्या दगडात माकडं, मोर, पानं कोरलीत, ती बघायला विसरू नका. माणसं घुमटाचा फोटो काढतात आणि निघून जातात, खरी मजा खांबांच्या माथ्यावर आहे. २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. आणि १८५३ मध्ये पहिली गाडी ठाण्याला सुटली ती याच भागातल्या बोरीबंदरहून, हे बाबांना सांगायची गरज पडणार नाही, तेच तुम्हाला सांगतील. सध्या स्टेशनाच्या नूतनीकरणाचं काम चालू आहे, पत्रे लावलेत, येण्याजाण्याच्या वाटा बदलत राहतात. म्हणून आधी मिळालेल्या खुणांवर विसंबू नका, पोलिसाला नाहीतर हमालाला विचारा.

तुमच्या दुपारचं. टी-टूहून मेट्रोनं परत सीएसएमटीला या, दोन-अडीचपर्यंत पोचाल. तिथून क्रॉफर्ड मार्केट चालत दहा मिनिटं, पाटीवर महात्मा फुले मंडई असं असतं. त्याच्या समोरच मंगळदास मार्केट, कापडाचं. आमच्या घरातल्यांना तिथून बाहेर काढायला मला नेहमी गाडीची वेळ खोटी सांगावी लागते. रविवारी बंद असतं, पण तुमचा बुधवार आहे. कापड बघायचं नसेल तर हुतात्मा चौक स्टेशनला उतरून वस्तुसंग्रहालयात जा, पाऊस असला तर तेच बरं.

साडेसहा-सातला स्टेशनात या. त्या वेळी लोकलच्या बाजूला, म्हणजे एक ते सात नंबरकडं, अख्खी मुंबई घरी निघालेली असते. त्या लोंढ्यात शिरू नका, लांब पल्ल्याच्या फलाटांच्या बाजूनंच आत या. महालक्ष्मी आठनंतर सुटते, फलाट इंडिकेटरवर बघायचा, कुणाच्या सांगण्यावर नाही. जेवण बाहेरूनच बांधून घ्या. सांगली पहाटेच येते, गजर लावून झोपा. डोळा नाहीच उघडला तर मिरजेला उतरा, विश्रामबागला तिथूनही रिक्षा मिळते.